वकिलाची फी कोणी भरायची? १७७८ चा एक ठराव आणि दोन नौसैनिक

१/
जुलै १७७८. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड प्रांतातील प्रॉव्हिडन्स शहराचा तुरुंग. आत दोन नौसैनिक आहेत, सॅम्युअल शॉ आणि रिचर्ड मार्व्हेन. त्यांनी चोरी केलेली नाही, ते शत्रूला फितूर झालेले नाहीत, लढाईतून पळालेलेही नाहीत. आपल्या सर्वोच्च सेनानीच्या गैरवर्तनाची माहिती त्यांनी देशाच्या प्रतिनिधिसभेला लेखी कळवली होती. त्याच सेनानीने आता त्यांच्यावर १०,००० पौंडांचा दावा ठोकला आहे.

२/
जामीन देण्याची ऐपत नाही, खटला लढवण्यापुरता पैसा नाही. दोघांनी तुरुंगातून पुन्हा एकदा त्याच सभेला अर्ज लिहिला. त्या अर्जावर तीन आठवड्यांनी जो ठराव झाला, तो अमेरिकेतील ‘व्हिसलब्लोअर’ कायद्यांचा आरंभबिंदू मानला जातो. या ठरावाचे खरे मोल त्यातील उदात्त वाक्यापेक्षा त्याखालच्या खर्चाच्या कलमात आहे. त्याचीच ही हकिकत. (थ्रेड)

३/
आधी शब्दाविषयी. ‘व्हिसलब्लोअर’साठी मराठी वृत्तपत्रांनी ‘जागल्या’ हा शब्द रूढ केला. जुन्या गावगाड्यात रात्री जागून गावाची राखण करणारा, चोराची चाहूल लागताच हाकाटी करणारा तो जागल्या. मात्र गावच्या जागल्याला गावाने नेमलेले असे आणि हाकाटी करणे हे त्याचे मान्य काम असे. संस्थेच्या आतून हाक देणाऱ्याला तशी नेमणूक नसते. त्यामुळे त्याने हाक दिली की पहिला प्रश्न विचारला जातो : तुला हा अधिकार कोणी दिला?

४/
आता पार्श्वभूमी. एप्रिल १७७५ मध्ये ब्रिटनविरुद्ध अमेरिकी वसाहतींचे युद्ध पेटले. वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे काँटिनेंटल काँग्रेस, हेच त्यांचे मध्यवर्ती शासन. १३ ऑक्टोबर १७७५ रोजी या सभेने स्वतःचे आरमार उभारण्याचा निर्णय घेतला. समोर त्या काळातील बलाढ्य ब्रिटिश आरमार होते, हाती मोजकी व्यापारी जहाजे आणि त्यांवर चढवलेल्या तोफा. डिसेंबरमध्ये या नवजात आरमाराचा सेनापती नेमला गेला : ईसेक हॉपकिन्स.

५/
हॉपकिन्स हा ऱ्होड आयलंडमधील मातब्बर घराण्यातला. त्याचा भाऊ स्टीफन हॉपकिन्स प्रांताचा माजी गव्हर्नर आणि पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा प्रतिनिधी. ईसेक स्वतः मुरलेला दर्यावर्दी, पण त्याच्या नावावर एक काळी नोंदही होती. १७६४-६५ मध्ये तो ‘सॅली’ या गुलामवाहू जहाजाचा कप्तान होता. त्या सफरीत विकत घेतलेल्या १९६ आफ्रिकी माणसांपैकी किमान १०९ जण मरण पावले.

६/
सेनापती म्हणूनही तो लवकरच वादात सापडला. काँग्रेसने त्याला दक्षिणेकडील किनाऱ्यावर जाऊन तिथली ब्रिटिश जहाजे हुसकण्यास सांगितले होते. तो गेला थेट बहामा बेटांवर. मार्च १७७६ मध्ये त्याने नॅसॉ बंदर घेतले, तोफाही मिळवल्या, पण मूळ आज्ञा बाजूला राहिली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये काँग्रेसने त्याची रीतसर निर्भर्त्सना केली. पद मात्र काढून घेतले नाही.

७/
डिसेंबर १७७६ मध्ये ब्रिटिशांनी न्यूपोर्ट बंदर घेतले आणि नॅरागॅन्सेट उपसागराचे तोंड अडवले. हॉपकिन्सची जहाजे प्रॉव्हिडन्सच्या नदीत अडकून पडली. त्यांत ३२ तोफांची नवी फ्रिगेट ‘वॉरेन’ होती. तिचा कप्तान होता हॉपकिन्सचा मुलगा जॉन. थंडीचे दिवस, खलाशांची भरती ठप्प, काम काही नाही, आणि जहाजावरचे अधिकारी सेनापतीचे बोलणे-वागणे रोज जवळून पाहत होते.

८/
१९ फेब्रुवारी १७७७ रोजी ‘वॉरेन’वरील दहा जणांनी एका अर्जावर सह्या केल्या. त्यांत लेफ्टनंट होते, मरीन तुकडीचे अधिकारी होते, जहाजाचा सुतार आणि तोफांची देखभाल करणारा गनर होता, जहाजावरचा पाद्रीही होता. मार्व्हेन तिसरा लेफ्टनंट, तर शॉ मिडशिपमन, म्हणजे अजून शिकाऊ अधिकारी. अर्जाचा सूर बंडाचा नव्हता. देशासाठी सर्वस्व, प्रसंगी प्राणही देण्याची आमची तयारी आहे आणि म्हणूनच आमच्या सेनापतीच्या वर्तनाची चौकशी व्हावी, असा त्याचा आशय होता.

९/
आरोप काय होते? ब्रिटिश युद्धकैद्यांना तो अमानुष वागणूक देतो. काँग्रेसच्या सभासदांना चारचौघांत मूर्ख म्हणतो, शिव्या देतो. त्याच्या लौकिकामुळे आरमारात भरती व्हायला माणसे तयार होत नाहीत. उथळ पाण्यात रुतलेले ‘डायमंड’ हे ब्रिटिश जहाज हाताशी आले असता त्याने ते निसटू दिले. काही आरोप गंभीर, काही आज किरकोळ वाटावेत असे.

१०/
शिवीगाळीचा आरोप मात्र तेव्हा किरकोळ नव्हता. नोव्हेंबर १७७५ मध्ये काँग्रेसने आरमारासाठी जे नियम मंजूर केले, त्यांचा मसुदा जॉन ॲडम्सने लिहिला होता. कप्तानांनी आपल्या माणसांपुढे सचोटीचा व सदाचाराचा आदर्श ठेवावा, ही त्यातील आरंभीचीच अपेक्षा. शपथा आणि शिव्यांबद्दल शिक्षाही त्यात सांगितलेली होती. म्हणजे अर्जदार स्वतःची नीतिकल्पना सेनापतीवर लादत नव्हते, काँग्रेसनेच घालून दिलेल्या नियमांवर बोट ठेवत होते.

११/
अडचण वेगळीच होती. त्याच नियमांत तक्रारीची वाटही सांगितलेली होती : ज्याला गाऱ्हाणे असेल त्याने ते शांतपणे, सभ्यपणे आपल्या वरिष्ठाला किंवा कप्तानाला सांगावे, तो न्याय करील. पण गाऱ्हाणे वरिष्ठाविरुद्धच असेल आणि कप्तान त्या वरिष्ठाचाच मुलगा असेल तर? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारात फिर्याद. हा पेच आजच्या कोणत्याही कार्यालयात ओळखीचा वाटेल.

१२/
म्हणून दहा जणांनी मधल्या पायऱ्या वगळून थेट काँग्रेसकडे जायचे ठरवले. मरीन तुकडीचा कॅप्टन जॉन ग्रॅनिस अर्ज घेऊन फिलाडेल्फियाला निघाला. २४ मार्च १७७७ रोजी काँग्रेसच्या आरमार समितीपुढे त्याची जबानी झाली. सेनापतीच्या तोंडून तुम्ही स्वतः काय ऐकले, कैद्यांचे हाल स्वतः काय पाहिले, असे प्रश्न त्याला विचारले गेले आणि उत्तरे लिहून घेतली गेली. हे लिहून घेणे पुढे फार उपयोगी पडणार होते.

१३/
दोनच दिवसांनी, २६ मार्च रोजी काँग्रेसने हॉपकिन्सला पदावरून निलंबित केले. ज्या घराण्याचा एक पुरुष स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करून बसला होता, त्याच घराण्यातील सेनापतीवर सभेने दहा दुय्यम माणसांच्या शब्दावरून हात टाकला. तक्रार योग्य जागी पोहोचली, ऐकली गेली, कारवाईही झाली. साधारणपणे अशा गोष्टी इथे संपतात. अर्जदारांच्या यातना मात्र इथून सुरू झाल्या.

१४/
हॉपकिन्सला अर्जाचा सुगावा लागताच त्याने सूत्रधार म्हणून मार्व्हेनवर बोट ठेवले. मार्व्हेनवर लष्करी न्यायालय बसवण्यात आले. सेनापतीविरुद्धच्या कागदावर सही केल्याबद्दल त्याला दोषी ठरवून आरमारातून काढून टाकण्यात आले. काँग्रेस फिलाडेल्फियात होती, जहाज प्रॉव्हिडन्समध्ये. दूरच्या सभेचा ठराव जहाजावर पोहोचेपर्यंत जवळच्या वरिष्ठाचा हात पोहोचलेला असतो.

१५/
२ जानेवारी १७७८ रोजी काँग्रेसने हॉपकिन्सला सेवेतून कायमचे दूर केले. त्याच महिन्यात त्याने ऱ्होड आयलंडच्या न्यायालयात दहाही अर्जदारांविरुद्ध दावा दाखल केला. आरोप असा की त्यांनी संगनमत करून खोटे कागद रचले आणि आपली बदनामी केली. नुकसानभरपाई मागितली १०,००० पौंड. बाकीचे आठ जण त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर होते. हद्दीत सापडले दोघेच, शॉ आणि मार्व्हेन. दहा जणांच्या सह्यांचा भार दोघांच्या डोक्यावर आला.

१६/
या दाव्याचे स्वरूप नीट समजून घेण्यासारखे आहे. आपण निर्दोष आहोत, हे हॉपकिन्सने काँग्रेसपुढे सिद्ध केले नव्हते. त्याने लढाईची जागाच बदलली. काँग्रेसपुढे तो आरोपी होता, न्यायालयात तो फिर्यादी झाला. जागा त्याची, प्रांत त्याचा, ओळखी त्याच्या, पैसाही त्याचा. समोर नोकरी गेलेला एक लेफ्टनंट आणि एक शिकाऊ अधिकारी. असा दावा निकालापर्यंत न पोहोचताही आपले काम करतो. इतर जागल्यांच्या मनात धाक बसवणे, हे ते काम.

१७/
८ जुलै १७७८ चा अर्ज याच अवस्थेत लिहिला गेला. शॉ आणि मार्व्हेन यांचे म्हणणे थोडक्यात असे : जे केले ते आमचे कर्तव्य आहे असे आम्ही तेव्हा मानले आणि आजही मानतो. त्यासाठीच आम्हाला पकडले आहे. आमचा प्रतिपक्ष श्रीमंत आणि वजनदार आहे. आम्ही या भागात परके आहोत, साधनहीन आहोत. आता सभेने आमचा विचार करावा. त्यांना बक्षीस नको होते, बढती नको होती. खटला लढवण्याची ताकद हवी होती.

१८/
काँग्रेसची तेव्हाची अवस्था पाहा. ब्रिटिशांनी फिलाडेल्फिया ताब्यात घेतल्यामुळे सभेला पळ काढावा लागला होता. जून १७७८ मध्ये ब्रिटिश गेले, २ जुलैला सभा पुन्हा शहरात भरू लागली. कर बसवण्याचा अधिकार तिला नव्हता. तिजोरी कागदी नोटांवर चालत होती आणि त्या नोटांची किंमत घसरत होती. सैन्याला कपडे आणि बूट पुरवण्याची मारामार. अशा सभेपुढे एका खासगी दाव्याच्या खर्चाचा प्रश्न आला होता. ‘हा न्यायालयाचा विषय आहे’ असे म्हणून हात झटकणे सहज शक्य होते.

१९/
३० जुलै १७७८ रोजी काँग्रेसने एकमताने ठराव केला. त्याच्या पहिल्या भागाचा आशय असा : राष्ट्राच्या सेवेतील सर्वांचे आणि इतर सर्व रहिवाशांचेही हे कर्तव्य आहे की सेवेतील कोणाही अधिकाऱ्याचे गैरवर्तन, लबाडी किंवा अपराध आपल्या ध्यानात आल्यास त्यांनी ते शक्य तितक्या लवकर काँग्रेसला किंवा अन्य योग्य अधिकाऱ्याला कळवावे. ‘तुला अधिकार कोणी दिला?’ या प्रश्नाला हे उत्तर होते. कळवणे हा आगाऊपणा नव्हे, सवलतही नव्हे, ते कर्तव्य आहे.

२०/
पण केवळ कर्तव्य सांगितल्याने तुरुंगाचे दार उघडत नाही. म्हणून ठरावाने आणखी दोन गोष्टी केल्या. एक, शॉ आणि मार्व्हेन यांच्या बचावाचा वाजवी खर्च राष्ट्राने सोसावा. दोन, हॉपकिन्सला पदावरून दूर करण्याच्या प्रकरणातील काँग्रेसच्या कागदपत्रांच्या प्रमाणित नकला त्यांना द्याव्यात. एका बाजूला पैसा, दुसऱ्या बाजूला पुरावा. दुर्बळ पक्षकाराकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

२१/
दुसऱ्या कलमाचे महत्त्व सहसा कमी लेखले जाते. आपल्या सेनापतीविषयी युद्ध चालू असताना झालेली चौकशी, जबान्या, निलंबनाची कारणे, हे सारे उघड करणे कोणत्याही शासनाला नको असते. ‘युद्धकाळ आहे, आरमाराची अब्रू जाईल, शत्रू हसेल’ ही सबब हाताशी होती. काँग्रेसने ती वापरली नाही. ग्रॅनिसच्या जबानीच्या वेळी लिहून घेतलेला कागद आता दोन कैद्यांची ढाल होऊ शकत होता.

२२/
खटला ज्युरीपुढे चालला. शॉ आणि मार्व्हेन यांच्या बाजूने विल्यम चॅनिंग हा नामांकित वकील उभा राहिला. काँग्रेसकडचे कागद न्यायालयापुढे आले. सेनापतीला कोणा दोन खलाशांच्या कटाने नव्हे, तर राष्ट्राच्या सभेने चौकशी करून दूर केले होते, हे ज्युरीला दिसले. निकाल शॉ आणि मार्व्हेन यांच्या बाजूने लागला. ज्या प्रांतात हॉपकिन्स घराण्याचा शब्द चालत असे, त्याच प्रांतातील ज्युरीने तो दिला.

२३/
उरला हिशेब. मे १७७९ मध्ये काँग्रेसने या बचावाच्या खर्चापोटी १,४१८ डॉलर मंजूर केले. रक्कम सॅम्युअल ॲडम्सच्या हाती द्यायची होती. स्वातंत्र्ययुद्धाच्या इतिहासात तोफांच्या, बंदुकांच्या, धान्याच्या हजारो नोंदी सापडतात. त्यांच्यात ही एक नोंद आहे, सत्य सांगितल्याबद्दल कोर्टात खेचल्या गेलेल्या दोन माणसांच्या वकिलाच्या फीची. उदात्त वाक्य १७७८ चे, पण त्याची किंमत चुकवली गेली ती या नोंदीने.

२४/
या ठरावाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सूड घेणाऱ्या वरिष्ठाला शिक्षा करण्याची तरतूद त्यात नव्हती. मार्व्हेनची गेलेली नोकरी परत देण्याविषयी त्यात शब्द नव्हता. पुढच्या जागल्यांसाठी कायमची यंत्रणा उभी राहिली नाही. एका प्रसंगापुरता, एका सभेच्या सद्बुद्धीवर आधारलेला तो उपाय होता. शिवाय दहाही जणांचे सारे आरोप निखळ होते, असेही नाही. हॉपकिन्सवरील रोषात प्रांतांमधील राजकारण आणि आरमाराच्या अपयशाची निराशाही मिसळलेली होती.

२५/
तरी मूळ प्रश्नाला त्यामुळे बाध येत नाही. प्रत्येक आरोप शंभर टक्के सिद्ध होतो का, हे पाहणे चौकशीचे काम. योग्य जागी माहिती देणे हाच गुन्हा ठरावा का, एवढेच ठरावापुढे होते. काँग्रेसने उत्तर दिले : नाही. आणि माहिती आपल्यासाठी दिली गेली असेल, तर तिचे ओझेही आपणच उचलले पाहिजे.

२६/
पात्रांचे पुढे काय झाले? हॉपकिन्स ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळात निवडून गेला आणि १८०२ मध्ये वारला. ‘वॉरेन’ ऑगस्ट १७७९ मध्ये पेनॉब्स्कॉटच्या मोहिमेत ब्रिटिशांच्या हाती पडू नये म्हणून तिच्याच लोकांनी जाळली. १७९८ मध्ये त्याच राष्ट्राने सरकारवरील टीकेला गुन्हा ठरवणारा राजद्रोहविषयक कायदा केला. अवघ्या वीस वर्षांत धडा विसरला गेला होता. शॉ आणि मार्व्हेन ही नावे तर जवळजवळ पुसली गेली.

२७/
कल्पना मात्र मेली नाही. १८६३ मध्ये यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांविरुद्ध ‘फॉल्स क्लेम्स ॲक्ट’ आला. फसवणूक उघड करणाऱ्याला सरकारच्या वतीने दावा लावता येऊ लागला आणि वसुलीत वाटा मिळू लागला. १९८६ च्या दुरुस्तीने सूडापासून संरक्षण दिले : नोकरी परत, बुडालेल्या पगाराची दुप्पट भरपाई आणि वकिलाचा खर्च. दोन शतकांनी पुन्हा तेच कलम. २०१३ पासून अमेरिकी सिनेटने ३० जुलै हा जागल्यांचा दिवस म्हणून ठरावाने मान्य केला.

२८/
ठरावानंतर एकशे अकरा वर्षांनी याच प्रश्नाची परीक्षा पुण्यात झाली. सेवेतल्या माणसांनी वरिष्ठाविरुद्ध सत्य सांगितले, तर सरकार त्यांच्यामागे कुठवर उभे राहील? १८८८ मध्ये मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर लाचखोरीचे आरोप आले. हे तेच क्रॉफर्ड, मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, ज्यांचे नाव मुंबईच्या मार्केटला मिळाले. मामलेदारांच्या बढत्या-बदल्यांसाठी हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत पैसे घेतले जातात, असा आरोप होता.

२९/
इथला पेच प्रॉव्हिडन्सपेक्षा अवघड होता. साक्ष देऊ शकणारे मामलेदार स्वतःच पैसे देणारे होते. सत्य सांगायचे म्हणजे स्वतःचा गुन्हा कबूल करायचा. म्हणून गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या मुंबई सरकारने अभय दिले : खरे सांगा, तुमच्यावर कारवाई होणार नाही. त्या शब्दावर विसंबून अनेक मामलेदार पुढे आले. चौकशी आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध मानले नाहीत. पण अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याचे उघड झाले आणि क्रॉफर्ड यांना नोकरी सोडावी लागली.

३०/
मग रोख वळला साक्षीदारांकडे. ज्यांनी पैसे देऊन जागा मिळवल्याचे स्वतः कबूल केले, ते मॅजिस्ट्रेट म्हणून न्यायासनावर कसे बसू शकतात, असा गदारोळ अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांत आणि ब्रिटिश पार्लमेंटात उठला. दिलेला शब्द मोडण्याच्या बेतात आला. तेव्हा ‘केसरी’कार टिळक मामलेदारांच्या बाजूने उभे राहिले. १८८९ मध्ये पुण्यात जाहीर सभा झाली. लाच देणे चांगले, असे कोणी म्हणत नव्हते. म्हणणे एवढेच की सरकारने वचन देऊन साक्ष घेतली आहे, तर वचन पाळले पाहिजे.

३१/
अखेर त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारला या साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा खास कायदा करावा लागला. सर्वांच्या नोकऱ्या मात्र वाचल्या नाहीत. प्रॉव्हिडन्स आणि पुणे यांतील फरक इथे दिसतो. एकीकडे सभेने आपणहून खर्च उचलला, दुसरीकडे आधी दिलेला शब्दही लोकांच्या दडपणाखाली, आणि तोही अर्धामुर्धा पाळला गेला. पुढच्या वेळी सरकारने साक्ष मागितली, तर मामलेदार काय आठवणार होते?

३२/
स्वतंत्र भारतातही हा प्रश्न रक्ताने लिहिला गेला. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये सुवर्ण चतुष्कोण प्रकल्पातील गैरप्रकारांविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले. नाव गुप्त ठेवण्याची त्यांची विनंती होती. पत्र नावासह कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. तपास यंत्रणेने ती लुटीच्या प्रयत्नातील हत्या मानली आणि न्यायालयात तिघे दोषी ठरले. विनंती करूनही नाव का फुटले, हा प्रश्न मात्र त्या निकालाने मिटला नाही.

३३/
त्यानंतर उसळलेल्या जनक्षोभातून आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर केंद्र सरकारने एप्रिल २००४ मध्ये ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी स्वीकारण्याचा आणि तक्रारदाराचे नाव गुप्त राखण्याचा अधिकार दिला. संसदेने मंजूर केलेल्या जागल्या संरक्षण कायद्यावर मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली. पण तो अमलात आणणारी अधिसूचना वर्षामागून वर्षे निघाली नाही. कायदा पुस्तकात, जागल्या रस्त्यावर.

३४/
१७७८ च्या त्या सभेकडे पैसा नव्हता, कर बसवण्याची ताकद नव्हती, ऱ्होड आयलंडच्या न्यायालयाला थांबवण्याचा अधिकारही नव्हता. जे हाती होते ते तिने दिले : कागदपत्रांच्या नकला आणि वकिलाची फी. कोणतेही शासन जागल्यांचा किती आदर करते, हे त्याच्या भाषणांत शोधू नये. तक्रारदारावर दावा पडला, त्या दिवशी दप्तर कोणासाठी उघडले आणि बिल कोणी भरले, हे पाहावे.

(समाप्त)